वखार क्लबचा बेसूर सेक्रेटरी

वासुदेव सावे यांना गळा नव्हता. डहाणूत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मान्य नव्हती ती फक्त सावेंना. सकाळी अंघोळीला बसले की ते भूपाळी म्हणत, आणि त्यांच्या पत्नी प्रभाताई स्वयंपाकघरातून ओरडत, "अहो, जरा हळू. शेजारची म्हैस पान्हा चोरते." त्यावर सावे आणखी वरची पट्टी धरत.

एरवी माणूस लाखात एक. बोर्डीच्या चिकूवाडीत जन्मले, मॅट्रिक झाले आणि डहाणूच्या लाकूड कंपनीत कारकून म्हणून चिकटले ते हेडक्लार्क होईपर्यंत हलले नाहीत. कंपनीचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं. ते उच्चारायची गावाला हौस नव्हती. सगळे वखार कंपनी म्हणत. तलासरीकडच्या डोंगरांतून साग आणि ऐनाचे ओंडके गाड्यांनी यायचे, वखारीत त्यांच्या थप्प्या लागायच्या आणि पुढे रेल्वेच्या वाघिणींतून माल मुंबईला जायचा. या सगळ्या कामात सावेंचं लक्ष होतंच, पण जीव होता तो क्लबात.

क्लब त्यांनीच काढला होता. वखारीमागे घोड्यांचा एक रिकामा तबेला होता. तो मिळावा म्हणून सावे मॅनेजर होमीशेठ यांच्यामागे वर्षभर लागले होते. होमीशेठ म्हणजे इराणी घरातला भला माणूस, चिकूच्या वाड्यांतून वाढलेला. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "सावे, तबेला घे बाबा. पण घोड्याचा वास तुझा तूच काढ." सावेंनी चार रविवार खर्ची घालून तो काढला. भिंतींना चुना मारला, दोन कॅरम आणले, एक रेडिओ आणला, खुर्च्या मांडल्या. मग काय विचारता! संक्रांतीला बायकांचं हळदीकुंकू, गणपतीत नाटक, मार्चमध्ये बोर्डीच्या किनाऱ्यावर सहल. नाटकात सावेंना दरवर्षी पहारेकऱ्याचं काम मिळे. पहारेकऱ्याला गायला पद नसतं, हे दिग्दर्शक आधी तपासून घ्यायचा.

एवढं सगळं असूनही एक सल होता. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर रेल्वे, वीज कंपनी, भातगिरण्या आणि वखार यांचे सामने होत. धावणं, लंगडी, संगीत खुर्ची यांत वखारीला काही ना काही मिळे. पण मानाची ढाल होती रस्सीखेचीची, आणि ती रेल्वेच्या घरी जणू कायमची राहायला गेली होती. रेल्वेकडून रूळ उचलणारे गडी उतरायचे. वखारीकडून उतरायचे कारकून, कॅशियर आणि भांडाराचे प्रभाकरपंत, ज्यांना दोर धरण्याआधी हाताला रुमाल लागे. शिट्टी वाजली की वखारीचा संघ पलीकडे जाऊन पडे. धोतरं झटकत उठताना सावेंना मेल्याहून मेल्यासारखं होई.

एके दिवशी कचेरीच्या खिडकीतून ते ओंडका चढवण्याचं काम बघत होते. काम रोजचंच होतं, पण त्या दिवशी ते त्यांना नव्याने दिसलं. दोन तिरप्या वाशांवरून अजस्र ओंडका दोराने थप्पीवर ओढून घ्यायचा. ओढणारे तलासरीच्या डोंगरातले वारली गडी, आणि बाजूला उभा राहून सांगणारा त्यांचा मुकादम चिमण. चिमण गाण्याची ओळ टाकायचा, गडी "हय्या" म्हणत ओढायचे.

"डोंगरचा देव गं—"

"हय्या!"

"सासरी निघाला—"

"हय्या!"

"कोंबडं लपवा गं—"

"हय्या!"

ओंडका थप्पीवर चढला की चिमण ओरडायचा, "सोऽड!" आणि सगळ्यांचे हात एका क्षणात उघडायचे. तसं नसतं केलं तर काही खरं नव्हतं. कारण थप्पीवरच्या खाचेत बसताना ओंडका घरंगळतो आणि दोराला असा हिसका देतो की दोर धरलेला माणूस त्याच्यासोबत थप्पीखाली जातो. चिमणच्या त्या एका हाकेवर सगळ्यांचे पाय शाबूत होते.

सावेंनी खिडकीवर हात आपटला. पहिलवान आपल्या अंगणात आणि आपण मैदानात पाठवतो कोणाला, तर प्रभाकरपंतांना!

अडचण एवढीच की सामन्यात क्लबाचा सभासदच उतरू शके आणि सभासद व्हायचं तर महिन्याचा पगारदार असावं लागे. चिमणचे गडी होते हप्तेकरी, आठवड्याच्या मजुरीवरचे. सावेंनी कमिटी बोलावली आणि नियम बदलायला सांगितला. कॅशियर सूर्यकांत कर्णिक उभे राहिले. कर्णिक वाईट नव्हते, फक्त इस्त्रीचे होते. ते म्हणाले, "सावे, आज दोर धरतील, उद्या कॅरमला बसतील."

"बसले तर बसले. कॅरम झिजतो का?"

खरं सांगायचं तर सावेंच्या मनात तेव्हा समता वगैरे काही नव्हतं. त्यांना ढाल पाहिजे होती. होमीशेठने मान डोलावली आणि १९५८ च्या जानेवारीत चिमणचे गडी वखार क्लबाचे सभासद झाले.

सामन्याच्या दिवशी निम्मं डहाणू मैदानात होतं. चिमण बाजूला उभा राहून गाऊ लागला. पहिल्याच हय्याला रेल्वेचे गडी हादरले. दुसऱ्याला त्यांच्या टाचा मातीतून घसरू लागल्या. सावेंनी टोपी काढून हातात घेतली. दोराच्या मध्यावर बांधलेलं लाल फडकं वखारीच्या रेषेकडे सरकत सरकत आलं, वीतभर उरलं, आणि चिमणला वाटलं, झालं काम.

"सोऽड!"

सगळ्यांचे हात एका क्षणात उघडले.

रेल्वेचा संघ दोरासकट धाडकन उताणा पडला. पण दोर होता त्यांच्या हातात आणि लाल फडकं त्यांच्या रेषेपलीकडे. पंचाने शिट्टी फुंकली. ढाल रेल्वेला! मैदान असं हसलं की झाडावरचे कावळे उडाले. चिमणचे गडी हातावर हात चोळत एकमेकांकडे बघत होते. ओंडका तर आला होता. लोक हसतात का, हे त्यांना कळेना.

सावेंनी त्या रात्री जेवताना भाजीला मीठ आहे की नाही हेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीत कर्णिकांनी विषय काढलाच. "गावभर हसं झालं. मी म्हणतो, हप्तेकऱ्यांना काढा."

"एक वर्ष द्या," सावे म्हणाले.

बराच खल झाला. अखेर होमीशेठने तोड काढली. "पुढच्या सव्वीस जानेवारीला ढाल आली तर चिमणचे लोक कायमचे मेंबर. नाही आली तर जुना नियम. कबूल?"

"कबूल," सावे म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना उमगलं की आपण काय पणाला लावलं आहे. पण शब्द गेला तो गेला.

ते वर्ष मात्र न्यारं होतं. बाजाराच्या दिवशी चिमणचे गडी क्लबात यायचे. सभासद असले तरी आत यायला बिचकायचे. दाराच्या पायरीवर बसून रेडिओ ऐकायचे. खुर्च्या रिकाम्या असायच्या, पण कोणी बसायचं नाही. सावे म्हणायचे, "अरे, आत या." चिमण म्हणायचा, "हतंच बरा हाय, भाऊ. तू बस आत." चिमणच्या बोलीत 'तुम्ही' हा शब्दच नव्हता, तो होमीशेठलाही 'तू'च म्हणे, आणि होमीशेठला ते आवडे. हळूहळू रघ्या नावाचा एक दांडगा गडी कॅरमजवळ उभा राहू लागला, मग खेळू लागला. ओंडका ओढणाऱ्या त्या बोटांनी तो स्ट्रायकर असा हळुवार मारायचा की सोंगटी विचार करत करत भोकात जायची. उभ्यानेच खेळायचा, बसायचा नाही. बोर्डीच्या सहलीला चिमणची बायको हिरी आली. डोंगरावरून समुद्र रोज दिसायचा, पण त्यात पाय बुडवायची तिची ती पहिलीच वेळ. लाट आली तशी ती किंचाळली आणि प्रभाताईंच्या गळ्यात पडली. दोघी भिजल्या, हसल्या, आणि पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रभाताईंनी हिरीला पहिलं बोलावणं धाडलं.

हे बघता बघता सावेंच्या मनातली ढाल बारीक होत गेली. आता त्यांना भीती वाटू लागली ती वेगळीच. ढाल नाही आली तर या लोकांना पायरीवरूनही उठवायचं काम सेक्रेटरीचंच, म्हणजे आपलंच.

पावसाळ्यात गडी भातशेतीला गावी गेले आणि कापणी उरकून दिवाळीनंतर परतले. सावेंनी सरावाला सुरुवात केली. युक्ती सोपी होती. दोर वखारीतल्या वडाला बांधायचा, गड्यांनी ओढायचं, मध्येच चिमणने "सोऽड" म्हणायचं आणि त्यांनी सोडायचं नाही. पहिले काही दिवस हात आपोआप उघडायचे. मग निम्म्यांचे उघडेनात. महिनाभरात कोणाचेच उघडेनात. उलट हाक आली की मुठी जास्तच आवळल्या जाऊ लागल्या. सावे खूश झाले. कर्णिकसुद्धा एकदा बघून गेले आणि "हं" म्हणाले.

डिसेंबरात एक मोठा साग चढत होता. सावे खिडकीत उभे होते. ओंडका वर गेला, चिमणने हाक दिली, हात उघडले. रघ्याचे मात्र उघडले नाहीत. उलट त्याच्या मुठी आवळल्या गेल्या. ओंडका घरंगळला, दोराने हिसका दिला आणि रघ्या जमिनीवरून फरफटत थप्पीच्या तोंडाशी गेला. चिमणने झेप घेऊन त्याच्या कमरेला मिठी मारली. ओंडका रघ्याच्या पायाला चाटून खाचेत बसला. तळहाताची सालं निघाली, ढोपर फुटलं. पाय वाचला.

सावे खिडकीतून थप्पीपर्यंत कसे आले, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. त्यांनी रघ्याचं ढोपर स्वतः धुतलं. रघ्याच त्यांना म्हणाला, "भ्यासील नको, भाऊ. मना वाटला तुझा खेळच हाय."

ते वाक्य सावेंच्या काळजात घुसलं. त्या माणसाच्या हाडात मुरलेली एक गोष्ट होती, तिने त्याचा जीव राखला होता, आणि एका लाकडी ढालीसाठी आपण ती उपटून काढत होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना वडाखाली बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून सराव बंद. चिमणने सोड म्हटलं की सोडायचं. वखारीत सोडायचं, मैदानात सोडायचं, झोपेत म्हटलं तरी सोडायचं. ढाल गेली खड्ड्यात."

तिथून ते तडक होमीशेठकडे गेले. कर्णिक तिथेच होते. सगळं ऐकून कर्णिकांनी विचारलं, "आणि अट?"

"अट आहे तशी राहू द्या. शब्द माझा आहे. हरलो तर त्यांना सांगायला मीच जाईन," सावे म्हणाले आणि घरी गेले.

दोन दिवसांनी चिमण त्यांच्या घराच्या ओट्यावर येऊन बसला. प्रभाताईंनी चहा दिला. सावे न्हाणीघरात होते आणि भूपाळी रंगात आली होती. चिमणने थोडा वेळ कान देऊन ऐकली. त्याची बशी हातातच राहिली.

सावे पंचा गुंडाळून बाहेर आले तशी तो म्हणाला, "भाऊ, मी नाय गात. तू गा."

"कुठे?"

"मैदानात. माझा आवाज आला का आमचा हात कामावर जातं. तुझा आवाज आयकून," त्याने बशी खाली ठेवली, "कोनालाच काम नाय आठवायचा."

आतून प्रभाताईंच्या हातातलं भांडं पडलं. पदर तोंडात कोंबून त्या हसत होत्या. सावेंना आधी राग आला. मग त्यांना चिमणचं म्हणणं कळलं आणि ते पंच्यावरच खाली बसले. खरंच की! गड्यांचा हात उघडायचा तो चिमणच्या हाकेला. सावे दिवसभर "सोड, सोड" करत बसले असते तरी एकाचं बोट हललं नसतं. सवय मोडायचं कारणच नव्हतं. तिला फक्त त्या दिवसापुरती हाक मारायची नव्हती.

चिमणने त्यांना डोंगरच्या देवाचं गाणं शिकवलं. सावेंनी ते असं पाठ केलं की घरात सगळ्यांना पाठ झालं.

सव्वीस जानेवारी १९५९. मैदान गच्च भरलेलं, कारण लोक गेल्या वर्षीची मजा पुन्हा बघायला आले होते. पायरीवरचे गडी दोराला लागले. ढोपराला चिंधी बांधून रघ्या सगळ्यांच्या पुढे. चिमण हाताची घडी घालून लांब उभा राहिला. आणि धोतराचा काचा मारून, टोपी घट्ट बसवून वखार कंपनीचे हेडक्लार्क रस्सीजवळ आले, तेव्हा एकच हशा उसळला. "सावे गाणार! कानात बोळे घाला!"

शिट्टी वाजली. सावेंनी तोंड उघडलं आणि डोंगरचा देव पार नाहीसा झाला. एक शब्द आठवेना. समोर रेल्वेचे गडी ओढू लागले, लाल फडकं पलीकडे सरकलं. घामाने डोळे भरले. त्यांनी डोळे मिटले, आणि समोर रेल्वे होती म्हणून असेल किंवा वाघिणींची कामं करून करून असेल, तोंडातून निघालं ते एवढंच:

"विराऽर!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग रघ्या ओरडला, "हय्या!"

"वैतरणाऽ!"

"हय्या!"

"सफाळेऽ!"

"हय्या!"

आवाज कसला तो! फुटक्या पिपावर पहार घासावी तसा. पण ताल पक्का होता. सावेंच्या गळ्यात सूर नव्हता. ताल मात्र त्यांनी कधी सोडला नव्हता, आणि आयुष्यात कोणी त्यांच्याकडे तेवढंच कधी मागितलं नव्हतं. फडकं मध्यावर थांबलं. केळवे गेलं, पालघर गेलं. बोईसरला फडकं हललं. वाणगावला रेल्वेचा पुढचा गडी गुडघ्यावर आला. आता मैदानच स्टेशनं पुकारू लागलं होतं. "डहाणूऽ!" म्हणून हजार गळे उठले आणि "हय्या"ला फडकं रेषेवर आलं. "घोलवऽड!" आणि ते रेषा ओलांडून गेलं.

पंचाने शिट्टी वाजवली. सावेंचे डोळे मिटलेले. त्यांना शिट्टी ऐकूच आली नाही.

"उंबरगाऽव!"

गडी ओढतच होते. त्यांना सोडा असं कोणी म्हटलंच नव्हतं. पंच शिट्ट्या मारत धावतोय, रेल्वेचा अख्खा संघ मातीत घसटत चाललाय, संजाण झालं, भिलाड झालं, सावे गाडी वापीत शिरवताहेत, आणि होमीशेठ खुर्चीवर उभा राहून ओरडतोय, "अरे सावे, हद्द गेली, हद्द!" शेवटी लांब उभा असलेल्या चिमणने घडी सोडली आणि तोंडाला हात लावला.

"सोऽड!"

सगळ्यांचे हात एका क्षणात उघडले.

रेल्वेचा म्होरक्या माती झटकत उठला आणि हसत हसत सावेंपाशी आला. "स्टेशनमास्तर, सुरतेपर्यंत नेणार होता काय आम्हाला?" सावेंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज नव्हता. गळा पार बसला होता.

त्याच दुपारी क्लबात चहा झाला. ढाल टेबलावर ठेवली होती. गडी सवयीप्रमाणे पायरीवर बसले. होमीशेठ म्हणाला, "सेक्रेटरीने दोन शब्द बोलावे." सावे उभे राहिले, ओठ हलवले, नुसती फुसफुस झाली. लोक हसले. तेवढ्यात कॅशियर कर्णिक उठले. त्यांनी भिंतीकडच्या खुर्च्या एकेक करून टेबलाभोवती ओढल्या, पायरीपाशी गेले आणि चिमणला म्हणाले, "चला, आत बसा."

चिमणने सावेंकडे बघितलं. सावेंनी मान हलवली. चिमण आत आला आणि खुर्चीवर बसला. आधी कडेला, मग नीट मागे टेकून. त्याच्यामागून रघ्या आला, बाकीचे आले. खुर्च्यांचा आवाज थांबल्यावर चिमण म्हणाला, "भाऊ बोलाचा नाय. भाऊचा गला आमी वापरून टाकला."

सावेंना हसू आलं आणि रडूही. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. पुढे ते निवृत्त झाले, भाषणं झाली, शाली मिळाल्या. पण अभिमानाने ऊर कधी भरून आला, असं कोणी विचारलं तर ते ढालीचं नाव घेत नसत, आणि त्या खुर्च्यांचंही पटकन घेत नसत. ते सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळची गोष्ट सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावे नेहमीपेक्षा लवकर कचेरीत गेले. घशाला प्रभाताईंनी हळद लावून फडकं बांधलं होतं. कालचा खेळ अजून गड्यांच्या मुठीत असेल तर? ते खिडकीत उभे राहिले. थप्पीला ऐनाचा एक जड ओंडका लागला होता. रघ्याने दोर धरला. चिमणने डोंगरच्या देवाला सासरी काढलं. ओंडका वर चढला, वर गेला, काठावर आला.

"सोऽड!"

सगळे हात उघडले. रघ्याचे सगळ्यांत आधी. ओंडका धडधडत खाचेत बसला, दोर सापासारखा एकटाच त्याच्यामागे गेला, आणि सगळे पाय जिथल्या तिथे जमिनीवर होते. सावेंनी खिडकीची कड सोडली. मग ते टेबलाशी जाऊन बसले आणि बसलेल्या गळ्याने भूपाळी म्हणू लागले.